सव्वासात टक्के कुठे गेले? एल्बाच्या पेग्माटाईटमधल्या पोल्युसाइटचं प्रकरण

१८४६ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण-अकादमीत एका नव्या खनिजाचं, आजच्या पोल्युसाइटचं, रासायनिक पृथक्करण झालं. घटकांची बेरीज आली ९२.७५ टक्के, म्हणजे शंभराला सव्वासात कमी. पृथक्करण करणारे कार्ल फ्रीडरिख प्लाटनर फुंकनळीच्या परीक्षेत युरोपभर मानले गेलेले शिक्षक होते. हातून सात टक्के निसटावेत इतका कच्चा त्यांचा हात नव्हता. त्यांनी आपल्या कामात चूक शोधली, ती सापडली नाही. नमुना संपला होता, त्यामुळे पुन्हा करून पाहायचीही सोय उरली नव्हती. मग त्यांनी आकडे होते तसे छापले.

या सव्वासात टक्क्यांचं उत्तर मिळायला १८ वर्षं लागली. नवं खनिज सापडणं आणि नवं खनिज कळणं यांत किती अंतर असू शकतं, हे मला या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. आकडे आजही उपलब्ध आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळा हिशोब स्वतः करून पाहता येतो.

दगड कुठला

एल्बा हे इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट, नेपोलियनच्या पहिल्या हद्दपारीमुळे आपल्याकडेही नावाने ओळखीचं. बेटाच्या पश्चिम भागात मोंते कपान्ने हा ग्रॅनाईटी खडकाचा डोंगर आहे. त्याचं वय सुमारे ७० लाख वर्षं, म्हणजे भूशास्त्राच्या मापाने अगदी तरुण. या डोंगराच्या पूर्वेकडच्या कडेला, सान पिएरो इन काम्पो गावाच्या आसपास, पेग्माटाईटच्या, म्हणजे शिलारसाच्या शेवटच्या उरलेल्या भागातून गोठलेल्या भरड खडकाच्या, शिरा आहेत. त्या फार मोठ्या नाहीत. पण त्यांच्यातल्या पोकळ्यांत गुलाबी बेरिल, लेपिडोलाईट आणि एकाच स्फटिकात तीन-चार रंग दाखवणारी टूर्मलीन मिळते. एल्बाईट या लिथियमयुक्त टूर्मलीनला या बेटाचंच नाव मिळालं आहे.

अशा शिरांमध्येच नवी खनिजं का निघतात, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. ग्रॅनाईटचा शिलारस थंड होताना क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही नेहमीची खनिजं आधी स्फटिकतात. त्यांच्या जाळीत ज्या अणूंना जागा मिळत नाही, ते उरलेल्या रसात साठत जातात. लिथियम आणि बेरिलियम फार लहान म्हणून उरतात, सीझियम फार मोठं म्हणून उरतं. पृथ्वीच्या कवचात सीझियमचं सरासरी प्रमाण दहा लाखांत तीन भागांच्या आसपास आहे. सुरुवातीला त्यातलं थोडं पोटॅशियमच्या जागी फेल्डस्पारमध्ये आणि अभ्रकात शिरतं, पण ते तिथे मनापासून मावत नाही. रस जितका आटत जाईल तितकं सीझियमचं प्रमाण वाढत जातं आणि अगदी शेवटच्या टप्प्यात कधीकधी इतकं होतं की त्याचं स्वतंत्र खनिज बनतं. बहुतेक पेग्माटाईट या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. एल्बाच्या काही शिरा पोचल्या.

ब्राइटहाउप्टची नजर

त्या पोकळ्यांतल्या स्फटिकांत दोन रंगहीन, काचेसारखी खनिजं फ्रायबर्गचे खनिजशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ब्राइटहाउप्ट यांच्या हाती आली. दोन्ही वरवर क्वार्ट्झसारखीच दिसत होती. ब्राइटहाउप्ट फ्रायबर्गच्याच जुन्या खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांच्या परंपरेतले. कठीणपणा, विशिष्ट गुरुत्व, पाटन (ठरावीक सपाट प्रतलांवर फुटणं) आणि चमक या बाह्य लक्षणांवरून खनिज ओळखणं हा त्या परंपरेचा कणा होता. दोन्ही खनिजं एकत्र सापडली म्हणून त्यांनी नावं दिली कॅस्टर आणि पोलक्स, म्हणजे मिथुन राशीतले ते दोन ठळक तारे, आपल्या पंचांगातलं पुनर्वसू. यातला पोलक्स म्हणजेच आजचा पोल्युसाइट.

पोलक्सला पाटन जवळजवळ नाही. तो फुटतो तो क्वार्ट्झसारखाच, शिंपल्यासारखा बाक घेऊन. कठीणपणा क्वार्ट्झपेक्षा किंचित कमी. खरा फरक वजनात आहे. क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व २.६५, पोलक्सचं २.९ च्या जवळपास. हातात घेऊन हा फरक कळेलच असं नाही, पण पाण्यात तोलल्यावर तो लपत नाही. सिलिका, ॲल्युमिना, पोटॅश आणि सोडा एवढ्याच घटकांचं, शिवाय पाणी असलेलं रंगहीन खनिज सहसा २.६ च्या आसपास राहतं. यात काहीतरी जड आहे ही खूण १८४६ सालीच तराजूत आली होती. ती कशाची, हे सांगणारं मूलद्रव्य मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन भावंडांपैकी कॅस्टरचं पुढे फारसं नवल उरलं नाही. त्याच्या पृथक्करणाची बेरीज शंभराच्या जवळ आली आणि तो आधीपासून माहीत असलेला पेटॅलाईट निघाला. ज्या खनिजातून १८१७ साली लिथियमचा शोध लागला, तेच हे खनिज.

प्रयोगशाळेत काय झालं असेल

सिलिकेट खनिजाचं पृथक्करण तेव्हा वजनी पद्धतीने होत असे. पूड आम्लात विरघळवायची, सिलिका वेगळी करायची, अमोनियाने ॲल्युमिनियम आणि लोह खाली बसवायचं. पोलक्स हायड्रोक्लोरिक आम्लात विघटित होतो, त्यामुळे इथपर्यंत अडचण नव्हती. द्रावणात उरतात ते अल्कली धातू. त्यांची क्लोराईडं करून सगळी एकत्र तोलायची. मग त्यात प्लॅटिनम क्लोराईड घालायचं. पोटॅशियमचं क्लोरोप्लॅटिनेट पिवळे बारीक स्फटिक होऊन खाली बसतं, सोडियमचं अल्कोहोलमध्ये विरघळून जातं. पिवळा अवक्षेप गाळून, वाळवून, तोलून पोटॅशियम काढायचं. एकूण क्लोराईडांतून ते वजा केलं की उरेल ते सोडियम.

प्रकरणाची सगळी गाठ या पिवळ्या अवक्षेपात आहे. सीझियमही प्लॅटिनम क्लोराईडबरोबर तसाच अवक्षेप देतं. रंग तोच पिवळा, स्फटिकांचा आकार तोच अष्टफलक, आणि पाण्यात विरघळणं पोटॅशियमच्या अवक्षेपापेक्षाही कमी. ज्योतीचा रंगही मदतीला येत नाही, कारण दोन्ही जांभळट छटा देतात आणि नमुन्यात सोडियम असलं की त्याच्या पिवळ्या प्रकाशात ती छटाही बुडून जाते. ज्याला सीझियम नावाची वस्तू जगात आहे हेच माहीत नाही, त्याने गाळणकागदावरचा तो अवक्षेप पाहून पोटॅशियमच म्हणायचं. दुसरं काही म्हणायला आधारच नव्हता.

त्यांनी तो अवक्षेप तोलला ते वजन बरोबर होतं. त्या वजनाला लावलेला गुणक चुकीचा होता. पोटॅशियमच्या क्लोरोप्लॅटिनेटमध्ये पोटॅशियम ऑक्साईडच्या हिशोबाने १९.४ टक्के भाग अल्कलीचा धरला जातो. सीझियमच्या क्लोरोप्लॅटिनेटमध्ये सीझियम ऑक्साईडचा भाग ४१.८ टक्के भरतो. पोटॅशियमचा अणुभार ३९, सीझियमचा १३३. तोच अवक्षेप पोटॅशियमचा मानला की निम्म्याहून जास्त अल्कली हिशोबातून बाहेर पडतं.

चौदा वर्षांनी निळ्या रेषा

१८६० साली हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किरखॉफ यांनी वर्णपटदर्शकातून ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्याच्या क्षारांची ज्योत पाहिली. तिच्यात ओळखीच्या कुठल्याही मूलद्रव्याच्या नसलेल्या दोन निळ्या रेषा होत्या. वर्णपटावरून सापडलेलं पहिलं मूलद्रव्य ते हेच, सीझियम. पाण्यात त्याचं प्रमाण इतकं नगण्य होतं की सुमारे ४४ टन पाणी आटवून शेवटी ७.३ ग्रॅम सीझियम क्लोराईड हाती आलं.

इथे मी एक साधा हिशोब करून पाहिला. पोलक्समध्ये सीझियम ऑक्साईड ३४ टक्के धरलं, तर ७.३ ग्रॅम क्लोराईड मिळवायला लागणारा पोलक्स भरतो फक्त १८ ग्रॅम. ४४ टन पाण्यातून जे काढावं लागलं, ते एल्बाच्या एका छोट्या खड्यात होतं, आणि तशा खड्याचं पृथक्करण १४ वर्षं आधी छापून झालेलं होतं. यात मला कुणाचा दोष दिसत नाही. ज्योत वेगळी करून पाहणारं उपकरण आल्याशिवाय हे कळणं शक्यच नव्हतं.

ते उपकरण आणि तो दगड १८६४ साली पॅरिसमध्ये एकत्र आले. फेलिक्स पिसानी या रसायनतज्ज्ञाने एल्बाचा पोलक्स नव्याने तपासला. पिवळ्या क्लोरोप्लॅटिनेटचा वर्णपट पाहिला तर रेषा सीझियमच्या. पोटॅशियम म्हणून नोंदलेलं सगळं सीझियम होतं. ज्याच्यात सीझियम हा मुख्य घटक आहे असं पहिलं खनिज अशा रीतीने खऱ्या अर्थाने ओळखलं गेलं.

दोन्ही पृथक्करणं शेजारी ठेवून पाहावीत. आकडे टक्क्यांत आहेत.

| घटक | प्लाटनर, १८४६ | पिसानी, १८६४ |
|---|---|---|
| सिलिका | ४६.२० | ४४.०३ |
| ॲल्युमिना | १६.३९ | १५.९७ |
| लोह ऑक्साईड | ०.८६ | ०.६८ |
| कॅल्शियम ऑक्साईड | – | ०.६८ |
| पोटॅशियम ऑक्साईड | १६.५१ | – |
| सीझियम ऑक्साईड | – | ३४.०७ |
| सोडियम ऑक्साईड (लिथियमसह) | १०.४७ | ३.८८ |
| पाणी | २.३२ | २.४० |
| बेरीज | ९२.७५ | १०१.७१ |

जुन्या आकड्यांतून नवं खनिज

आता प्लाटनरच्या आकड्यांना हात न लावता फक्त अवक्षेपाची ओळख बदलू. आजचे अणुभार वापरले, तर १६.५१ टक्के पोटॅशियम ऑक्साईड म्हणजे नमुन्याच्या ८५.२ टक्के वजनाएवढं क्लोरोप्लॅटिनेट. ते सीझियमचं धरलं की सीझियम ऑक्साईड येतं ३५.६ टक्के. सोडियम वजाबाकीने निघत असल्यामुळे तेही बदलतं. पोटॅशियम क्लोराईड हलकं, म्हणून ते वजा केल्यावर सोडियमच्या वाट्याला जास्त वजन राहिलं होतं. सीझियम क्लोराईड वजा केलं की सोडियम ऑक्साईड १०.४७ वरून १.७५ पर्यंत खाली येतं. एकाच चुकीने एक घटक फार कमी दाखवला आणि दुसरा फार जास्त, आणि म्हणूनच बेरजेत फक्त सव्वासात टक्के कमी पडले. पोटॅशियम-सीझियमची अदलाबदल एकटीच असती, तर खड्डा १९ टक्क्यांचा दिसला असता.

नवी बेरीज १०३ च्या थोडी पुढे जाते. तीन टक्के जास्त आहेत, आणि अवक्षेप पुरता स्वच्छ नसावा असा माझा अंदाज आहे. पिसानींचीही बेरीज शंभराच्या पुढेच आहे.

बेरजेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते अणूंचं प्रमाण. प्लाटनरच्या मूळ आकड्यांत दोन्ही अल्कली ऑक्साईडांचे मोल एकत्र केले आणि ॲल्युमिनाच्या मोलने भागले, तर उत्तर येतं २.१४. फेल्डस्पारसारख्या जाळीदार ॲल्युमिनोसिलिकेटमध्ये हे उत्तर एकाच्या जवळ हवं, कारण सिलिकॉनच्या जागी बसलेल्या प्रत्येक ॲल्युमिनियममुळे एक ऋण प्रभार उरतो आणि तो भागवायला एक अल्कली अणू लागतो. दुपटीहून जास्त अल्कली त्या जाळीत राहूच शकत नाही. सीझियम धरून केलेल्या हिशोबात हेच उत्तर ०.९६ येतं. वजनं १८४६ ची, ती बदललेली नाहीत. फक्त नाव बदललं आणि खनिज आपल्या जागी चपखल बसलं. प्लाटनरच्या हाताची खरी पावती मला या ०.९६ मध्ये दिसते.

हा नियम त्यांना लावता आला नसता, हेही सांगितलं पाहिजे. सिलिकेटांच्या जाळीची रचना क्ष-किरणांमुळे विसाव्या शतकात उलगडली. १९३० साली टेलर यांनी ॲनाल्सिमची रचना दिली आणि १९३८ साली नाराय-साबो यांनी पोल्युसाइटची. दोन्ही खनिजांचा सांगाडा एकच निघाला. ॲनाल्सिम आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सापडतो. झिओलाईटं जमवणाऱ्यांना त्याचे चोवीस बाजूंचे पांढरे स्फटिक माहीत असतील. ॲनाल्सिमच्या सांगाड्यातल्या मोठ्या पोकळीत पाण्याचा रेणू असतो आणि लहान जागेत सोडियम. पोल्युसाइटमध्ये त्या मोठ्या पोकळीत सीझियम जाऊन बसतं. निसर्गात मिळणारा पोल्युसाइट सहसा शुद्ध नसतो. काही पोकळ्यांत सीझियम, काही ठिकाणी सोडियम आणि त्याच्या सोबतीला पाणी, असा तो ॲनाल्सिमच्या दिशेने झुकलेला असतो. शुद्ध सीझियमचं टोक धरलं तर सीझियम ऑक्साईड ४५ टक्के हवं. एल्बाच्या नमुन्यात ते ३४ का आणि पाणी का, याचा उलगडा त्या सांगाड्यात आहे.

९२.७५ शंभर केले असते तर

प्लाटनरनी आपली बेरीज शंभरावर आणून छापली असती, तर तक्ता असा दिसला असता: सिलिका ४९.८१, ॲल्युमिना १७.६७, लोह ऑक्साईड ०.९३, पोटॅशियम ऑक्साईड १७.८०, सोडियम ऑक्साईड ११.२९, पाणी २.५०. बेरीज बरोबर १००.००. दिसायला निर्दोष. असा तक्ता पाहून १८६४ साली कुणी नमुना पुन्हा हातात घेतला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे.

आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या क्ष-किरण शोधकाचं सॉफ्टवेअर हे काम न सांगता करतं. पडद्यावर येणारी टक्केवारी बहुतेक वेळा आधीच शंभरावर आणलेली असते. पेग्माटाईटच्या बाबतीत हे विशेष घातक आहे, कारण या खडकांतली नेमकी महत्त्वाची मूलद्रव्यं त्या उपकरणाला दिसत नाहीत. लिथियम तर दिसतच नाही, बेरिलियम आणि बोरॉन जेमतेम, पाण्यातला हायड्रोजन अजिबात नाही. नमुन्यात लिथियम पाच टक्के असो वा शून्य, बेरीज शंभरच. त्यामुळे पेग्माटाईटच्या खनिजावर काम करणाऱ्याने मूळ, न सुधारलेली बेरीज मागून घ्यावी आणि लेखात तीच द्यावी, असं मी आग्रहाने म्हणेन. कमी पडलेली बेरीज ही त्या नमुन्याबद्दलची माहिती आहे.

तेच मूलद्रव्य, दुसरं खनिज

या सगळ्याची आजच्या पद्धतीशी तुलना करायला एक जवळचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये मादागास्करमधल्या आंबातोविता गावाजवळच्या साकावालाना पेग्माटाईटमध्ये रासबेरीच्या रंगाचे स्फटिक निघाले. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉनच्या रत्नबाजारात ते लाल बेरिल म्हणून विकायला आलेही. दिसायला बेरिलच. पण विशिष्ट गुरुत्व ३.१ च्या आसपास निघालं, नेहमीचं बेरिल २.७ ते २.९ मध्ये राहतं. अपवर्तनांकही बेरिलच्या मर्यादेबाहेर, १.६२ च्या जवळ. म्हणजे इथेही पहिली खूण तराजूनेच दिली.

रासायनिक तपासणीत सीझियम भरपूर निघालं. मात्र बेरिलमध्ये थोडंफार सीझियम शिरतं हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे एवढ्यावर नवं खनिज ठरत नाही. निकाल रचनेने दिला. बेरिलमधल्या दर तीन बेरिलियमपैकी एकाची जागा लिथियमने घेतली होती, त्याने कमी पडलेला प्रभार भरून काढायला सीझियम स्फटिकातल्या नळीसारख्या पोकळीत जाऊन बसलं होतं, आणि मुख्य म्हणजे लिथियम व बेरिलियम यांनी आपापल्या जागा ठरवून घेतल्या होत्या. या शिस्तीमुळे स्फटिकाचा एकक कोश, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा, मोठा झाला. एक बाजू बेरिलच्या तीनच्या वर्गमूळाच्या पटीत, १५.९५ ॲंगस्ट्रॉम, आणि उंची तिप्पट, २७.८० ॲंगस्ट्रॉम. सममितीही षट्कोनी न राहता त्रिकोणी झाली. बेरिलच्या कुटुंबातलं हे वेगळं खनिज आहे, हे आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाने २००३ सालीच मान्य केलं. त्याला पेझोटाईट हे नाव मिळालं ते मिलानच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या फेदेरिको पेझोटा यांच्यावरून. मादागास्करआधी त्यांनी अभ्यासलेल्या पेग्माटाईटमध्ये एल्बाच्या शिराही होत्या.

पोलक्सला ओळख मिळायला १८ वर्षं लागली, पेझोटाईटला एक वर्षही नाही. उपकरणं सुधारली हे खरंच. पण २००३ च्या तज्ज्ञांनाही लिथियम आणि बेरिलियम मोजायला इलेक्ट्रॉन शलाकेचं नेहमीचं उपकरण पुरलं नाही. लेझरने स्फटिकाचा सूक्ष्म भाग उडवून वस्तुमान-वर्णपटमापकात मोजणं, आणि एकल स्फटिकाच्या क्ष-किरण रचनेतून कुठल्या जागेवर किती भार आहे ते पाहणं, या वेगळ्या वाटांनी ते ठरवावं लागलं.